पोलादी तारदोराचे टोक उकलू नये म्हणून

मोटेच्या काळी नाडा आणि सोंदूर यांची निगा राखणे हे बागायतदाराच्या अंगवळणी पडलेले काम होते. अंबाडीचा किंवा घायपाताचा दोर कापला की त्याच्या टोकाला लागलीच गाठ पडे किंवा सुतळीचे चार वेढे बसत, आणि मगच तो दोर कामाला लागे. मोटा गेल्या आणि विहिरींवर पंप आले. तथापि दोराचे काम संपलेले नाही. विहीर खोदणाऱ्या किंवा जुन्या विहिरीचा गाळ काढणाऱ्या यारीवर, कूपनलिकेत सोडलेल्या पंपाला आधार म्हणून, द्राक्षमांडवाच्या ताणांना आणि शेडनेटच्या सांगाड्याला आज पोलादी तारांचा दोर वापरला जातो. खेडोपाडी त्याला कोणी ‘वायररोप’ म्हणतात, तर कोणी ‘क्रेनची तार’. या लेखात त्याला तारदोर म्हटले आहे.

दोर बदलला तरी हाताची जुनी सवय पुष्कळ ठिकाणी कायम आहे. तारदोर लागेल तेवढा छिन्नीने तोडावयाचा, टोकाचा पिसारा झाला तर तो हाताने पिळून बसवावयाचा, आणि बकेटीच्या कडीत ओवून गाठ मारावयाची, असा प्रकार अनेक यारींवर दिसून येतो. अंबाडीच्या दोराला हे चालत असे. तारदोराला चालत नाही. त्या दोराखाली पंधरा-वीस मीटर खोल विहिरीत माणसे काम करीत असतात आणि दगडांनी भरलेली बकेट दिवसातून अनेक वेळा त्यांच्या डोक्यावरून वर जाते. सबब तारदोराच्या टोकाची बांधणी हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे.

तारदोर उकलतो का?

नेहमीच्या वापरातील तारदोराला सहा पेड असतात. प्रत्येक पेडात बारीक पोलादी तारा असून त्या मधल्या तारेभोवती पिळलेल्या असतात. ६ × १९ असे ज्या दोराचे वर्णन केले जाते त्यात सहा पेड व प्रत्येक पेडात १९ तारा, म्हणजे एकूण ११४ तारा असतात. हे सहा पेड पुन्हा एका गाभ्याभोवती वळलेले असतात. गाभा कधी वंगणात भिजवलेल्या वाखाचा असतो, तर कधी पोलादाचाच असतो. साध्या पिळाच्या दोरात पेडातील तारा एका बाजूला आणि पेड त्याच्या उलट बाजूला वळलेले असतात. त्यामुळे एकाचा पीळ दुसऱ्याला आवरून धरतो आणि दोर स्थिर राहतो.

हा तोल दोन्ही टोके घट्ट धरलेली असतील तोपर्यंतच टिकतो. पोलादाची तार वाकवून बसवली तरी सरळ होण्याची तिची ओढ जात नाही. टोक मोकळे सुटले की प्रत्येक तार व प्रत्येक पेड आपापल्या बाजूला फिरू लागतो आणि ढिलाई दोराच्या अंगात वर सरकत जाते. डोळ्यांना टोकाचा वीतभर पिसारा दिसतो. परंतु पेड त्याच्याही बऱ्याच वरपर्यंत जागचे हललेले असतात. काही दोरांत तारांना आणि पेडांना वळतानाच कायमचा नागमोडी आकार दिलेला असतो. बाजारात अशा दोराला ‘प्रीफॉर्म्ड’ म्हणतात. तो कापल्यावर एकदम उसळत नाही व हाताळण्यास सोपा जातो. म्हणून दोर खरेदी करताना तो प्रीफॉर्म्ड आहे किंवा नाही हे दुकानदारास अवश्य विचारावे. अर्थात असा दोरही वापरात हळूहळू उकलतोच. बांधणीतून त्याची सुटका नाही.

पेड हलल्याने बिघडते काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. दोरावरील भार सहाही पेडांनी सारखा वाटून घ्यावा अशी त्याची रचना असते. टोकाशी एखादा पेड सैल सुटला तर तो भार उचलीत नाही. त्याचा वाटा उरलेल्या पाच पेडांवर पडतो, आणि त्यांतही जो अधिक ताणलेला असेल त्याच्या तारा आधी तुटू लागतात. वाखाच्या गाभ्याचा, १२ मि.मी. जाडीचा नवा दोर पोलादाच्या प्रतीनुसार साधारणतः सात ते साडेआठ टन भाराला तुटतो. माल उचलण्यासाठी याच्या एक-पंचमांशापेक्षा अधिक भार त्यावर घालू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु हा हिशेब शाबूत दोराचा आहे. टोक उकललेल्या दोराची ताकद नेमकी किती उरली, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि खरा धोका तोच आहे.

दुसरी हानी पाण्याने होते. उघड्या टोकातून विहिरीचे पाणी गाभ्यात शिरते, वाखातील वंगण धुऊन जाते व दोर आतून गंजू लागतो. बाहेरून चकाकणारा दोर आतून पोखरलेला असू शकतो.

तारदोराची कल्पना मुळात निघाली ती खाणीतील अपघातांमुळेच. जर्मनीतील हार्झ डोंगरात क्लाउस्थाल येथे खाणींचे अधिकारी असलेले विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ साली लोखंडी तारा पिळून केलेला दोर खाणीत वापरात आणला. तोपर्यंत तेथे साखळदंड आणि वाखाचे दोर वापरीत. साखळीची एक कडी तुटली की सारा भार पूर्वसूचना न देता खाली जाई. तारदोराचे तसे नाही. त्याच्या तारा एकेक करून तुटतात आणि पाहणाऱ्याला आधी इशारा मिळतो. टोकाचा पिसारा झालेला असला की त्या गर्दीत नव्याने तुटलेल्या तारा वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि दोराचा हा मोठा गुण वाया जातो.

आधी बांधावे, मग कापावे

तारदोर कापण्यापूर्वी कापावयाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बंध घालावयाचा, हा या कामातील मुख्य नियम होय. कापल्यावर घातलेला बंध उकललेल्या पेडांना जागेवर आणू शकत नाही. तो त्यांना वाकड्यातिकड्या स्थितीतच आवळून धरतो.

बंधासाठी स्लॅबच्या सळ्या बांधण्याकरिता गवंडी वापरतात ती मऊ, भाजलेली बाइंडिंग तार उत्तम. ती प्रत्येक गावात मिळते. १० ते १४ मि.मी. जाडीच्या दोराला सुमारे सव्वा मि.मी. जाडीची, म्हणजे १८ गेजची तार पुरते. याहून जाड दोराला दीड मि.मी.च्या पुढची तार घ्यावी. कुंपणाची कडक तार घेऊ नये. ती घट्ट बसत नाही आणि पिळताना तुटते. प्लॅस्टिकची चिकटपट्टी म्हणजे बंध नव्हे, हेही येथे स्पष्ट करणे जरूर आहे. वंगण लागलेल्या दोरावर ती चिकटत नाही आणि पोलादाच्या ओढीपुढे टिकत नाही.

दोर प्रथम कोरड्या फडक्याने पुसून कापावयाच्या जागी खडूने खूण करावी. सुमारे एक मीटर बाइंडिंग तार घेऊन तिचे एक टोक दोन पेडांमधील खाचेत दोराच्या लांबीच्या दिशेने बसवावे. तारेच्या उरलेल्या भागाने त्याच टोकावरून दोराला वेढे द्यावेत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून व पकडीने ओढून घट्ट बसला पाहिजे. मध्ये फट राहू देऊ नये. बंधाची रुंदी दोराच्या जाडीच्या दीडपट असावी. १२ मि.मी. दोराला सव्वा मि.मी. तारेचे १५ वेढे दिले म्हणजे ती बरोबर साधते. नंतर खाचेतून बाहेर आलेले टोक आणि वेढ्यांचे शेवटचे टोक एकत्र आणून पकडीने पीळ द्यावा. पीळ दिल्यावर दोरापासून बाहेर ओढून ताण द्यावा व पुन्हा पिळावे. असे दोन-तीन वेळा केल्याने बंध पुरेसा आवळला जातो. शेवटी पिळाचा सुमारे दीड सें.मी. भाग ठेवून बाकीची तार तोडावी आणि तो भाग हातोडीने ठोकून पेडांच्या खाचेत निजवावा, म्हणजे तो हाताला किंवा कप्पीला लागणार नाही.

खुणेच्या दुसऱ्या बाजूलाही याच रीतीने बंध घालावा. दोन बंधांच्या मध्ये कापण्यापुरती दीड-दोन सें.मी. जागा मोकळी राहावी. दोर प्रीफॉर्म्ड नसेल, किंवा त्याविषयी खात्री नसेल, तर प्रत्येक बाजूला दोन-दोन बंध घालावेत. त्या दोन बंधांत दोराच्या जाडीच्या सहापट, म्हणजे १२ मि.मी. दोराला सुमारे सात सें.मी. अंतर ठेवावे. चार बंधांना अर्धा तास लागला तरी तो वेळ फुकट जात नाही.

कापण्यासाठी हातग्राइंडरची कापचकती सर्वांत सोयीची. ती नसेल तेथे लोहाराच्या ऐरणीवर दोर ठेवून धारदार छिन्नीने कापता येतो. मात्र बोथट छिन्नीने पेड चेपले जातात. दोन्ही प्रकारांत तारेचे तुकडे वेगाने उडतात. म्हणून डोळ्यांना चष्मा व हातांत जाड मोजे असल्याखेरीज हे काम करू नये आणि मुलांना जवळ उभे राहू देऊ नये.

गॅसने कापल्यास सर्व तारांची टोके वितळून एकजीव होतात व टोक उकलत नाही, हा त्या पद्धतीचा फायदा आहे. काही जण कापलेले टोक पितळेने झाळूनही घेतात. दोन्ही रीती टोक बंद ठेवण्यासाठी चांगल्या आहेत. पण तापलेल्या भागाशेजारील तारांचे पाणी उतरते आणि वाखाचा गाभा जळतो, हे विसरता कामा नये. तेवढा भाग भाराच्या बाहेर, म्हणजे शेवटच्या क्लिपच्याही पलीकडे राहिला पाहिजे. वेल्डिंगने चिकटवलेले टोक भार धरील असे मानून त्यालाच कडी जोडणे अत्यंत धोक्याचे आहे. जस्त चढवलेला दोर तापवताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने अंगात ताप भरतो. ते काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून करावे.

ज्या दोराचे टोक आधीच उकलले आहे त्याचे काय करावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पिसारा पुन्हा पिळून बसवण्याच्या खटपटीत पडू नये. टोकापासून वर पाहत जावे. जेथे सहाही पेड एकमेकांना चिकटून, सारख्या उंचीवर व सारख्या पिळाने बसलेले दिसतील तेथे बंध घालावा आणि खालचा भाग कापून टाकावा. दीड-दोन मीटर दोर वाया गेल्याची हळहळ वाटते खरी. पण यारीमालकाने तेवढी सोसावी.

कडीची जोडणी

टोक बांधले तरी ते बकेटीच्या कडीला जोडण्याची रीत चुकली तर सारी मेहनत वाया जाते. तारदोराला गाठ कधीही मारू नये. गाठीच्या तीव्र वळणात आतल्या तारा चेपतात व बाहेरच्या ताणल्या जातात. दोराची ताकद निम्म्यावर किंवा त्याखाली येते. गाठ पुढे सोडवली तरी तेथील वाक जात नाही. गाठ पडलेला तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो.

गाठीऐवजी थिंबल व क्लिपा वापराव्यात. थिंबल म्हणजे पन्हळीच्या आकाराची लोखंडी कडी. तिच्यावरून दोर वळवला म्हणजे वळण गोल राहते व दोर कडीवर घासत नाही. क्लिपेचे दोन भाग असतात: खाचा पाडलेली बैठक आणि यू आकाराचा बोल्ट. बैठक रुंद असल्याने दोराला इजा करीत नाही. यू-बोल्ट मात्र दोर चेपतो. म्हणून बैठक नेहमी भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि यू-बोल्ट परत वळवलेल्या मोकळ्या शेपटावर आला पाहिजे. सर्व क्लिपा एकाच दिशेने बसवाव्यात. एक उलट व एक सुलट बसवल्याने पकड वाढते, अशी समजूत काही कारागिरांत आढळते. ती सर्वस्वी चुकीची आहे. उलट बसवलेल्या क्लिपेखाली भाराचाच दोर चेपला जातो आणि पुढे तेथेच तुटतो.

१२ मि.मी. दोराला निदान तीन क्लिपा हव्यात. त्यांच्यात दोराच्या जाडीच्या सहापट अंतर असावे आणि शेपूट सुमारे ३० सें.मी. परत वळवलेले असावे. जाड दोराला क्लिपांची संख्या वाढवावी लागते. क्लिप दोराच्या मापाचीच घ्यावी. मोठी क्लिप कितीही आवळली तरी पकडीत नाही. पहिली क्लिप शेपटाच्या बंधाजवळ, दुसरी थिंबलला लागून आणि तिसरी मध्ये, असा क्रम ठेवावा. नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत. पहिला भार उचलल्यावर ताणाने दोर किंचित बारीक होतो व क्लिपा ढिल्या पडतात. म्हणून त्या लगेच पुन्हा आवळणे जरूर असते. ही दुसरी आवळणी बहुधा राहून जाते. नीट बसवलेल्या क्लिपांनीही दोराची सुमारे ८० टक्केच ताकद वापरात येते, हे भाराचा हिशेब करताना धरावे.

शेपटाचा बंध जोडणीनंतर काढून टाकू नये. त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवल्यास हाताला तारा लागत नाहीत. मात्र ट्यूब टोकापुरतीच असावी. क्लिपांवर ती चढवली तर आत पाणी साचते आणि गंज व तुटलेल्या तारा दृष्टीआड होतात.

यारीच्या ड्रमवरील दुसऱ्या टोकाकडे फारसे कोणी पाहत नाही. तेथेही बंध तितकाच आवश्यक आहे. बकेट विहिरीच्या तळाला टेकलेली असतानाही ड्रमवर दोराचे निदान तीन वेढे शिल्लक राहावेत, म्हणजे भाराची ओढ थेट त्या टोकाच्या पकडीवर येत नाही. विहीर खोल होत जाते तसे हे वेढे कमी होतात. खोदाई सुरू करताना पुरेसा असलेला दोर महिन्याभराने अपुरा ठरतो, हे ध्यानात ठेवावे.

रोजची पाहणी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहिरीच्या कामाला भेट दिली असता मोजमापाबरोबर दोराचीही पाहणी करावी. यंत्र बंद असताना दोरावरून हलक्या हाताने फडके फिरवावे. तुटलेली तार असेल तेथे फडके अडकते. उघडा हात फिरवू नये. तारेचे कूस खोल रुतते, आणि तसे झाल्यास धनुर्वाताची लस घेण्यास हयगय करू नये. एक पेड दोराभोवती पूर्ण फेरी मारतो तेवढी लांबी (१२ मि.मी. दोरात ती साधारण ७५ ते ८० मि.मी. भरते) घेऊन तीतील तुटलेल्या तारा मोजाव्यात. तेवढ्या लांबीत सहा किंवा अधिक तारा तुटल्या असतील, अथवा एकाच पेडात तीन तुटल्या असतील, तर दोर बदलावा. क्लिपांपाशी एकही तार तुटलेली दिसल्यास तेथून दोर कापून नवी जोडणी करावी. पेड पिंजऱ्यासारखे फुगले असतील किंवा गाभा बाहेर डोकावत असेल, तर तारा मोजण्याची गरजच नाही. तेवढा भाग कापून टाकावा, आणि दोष दोराच्या मध्यावर असेल तर दोरच बदलावा.

बकेटीतून माणसांनी वरखाली करण्याची प्रथा बंद व्हावयास हवी. माणसांसाठीच्या दोराला मालाच्या दोराहून निदान दुप्पट सुरक्षितता लागते आणि यारीवर ती नसते. उतरण्यासाठी शिडी असावी, आणि बकेट वर जात असताना खालच्या मजुरांनी कडेला, शक्य तर कपारीच्या आडोशाला थांबावे.

द्राक्षमांडव, शेडनेट किंवा पंपाचा आधार यांसाठीचे दोर तीन ते सहा मि.मी. जाडीचे असतात. त्यांना एवढा खटाटोप लागत नाही. बारीक बाइंडिंग तारेचे आठ-दहा वेढे, आणि कापल्यावर टोकावर दाबून बसवलेली धातूची टोपी पुरेशी होते. सायकलच्या ब्रेकच्या तारेला असते तीच ही टोपी. येथे चिकटपट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावरूनच कापले तरी चालते, कारण पट्टीचे काम टोपी बसेपर्यंतच असते. पंपाचा दोर सतत पाण्यात राहत असल्याने दोर व क्लिपा एकाच धातूच्या घ्याव्यात. गंजरोधक पोलादाच्या दोराला जस्त चढवलेल्या क्लिपा लावल्यास त्या क्लिपा लवकर खाल्ल्या जातात.

कापकामानंतर उरलेले तारांचे तुकडे मोजून गोळा करावेत आणि डब्यात भरून भंगारात द्यावेत. विहिरीजवळच बहुधा गोठा व कडब्याची गंज असते. गाय किंवा म्हैस चारा न चावता भराभर गिळते आणि चाऱ्याबरोबर दोन-तीन सें.मी. लांबीची तार सहज पोटात जाते. ती जनावराच्या जाळीपोटात अडकून आतल्या भिंतीत रुतते आणि तेथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकते. दुभते जनावर एकाएकी खाणे सोडू लागले, दूध घटले आणि ते पाठ वाकवून उभे राहू लागले तर पशुवैद्यकास जवळपास झालेल्या तारकामाची माहिती आवर्जून द्यावी. ज्या जागी तारदोर कापावयाचा तेथे आधी जुने गोणपाट अंथरले आणि काम संपल्यावर लोहचुंबक फिरवला, तर तारेचे बहुतेक तुकडे हाती लागतात. गंजरोधक पोलादाचे तुकडे मात्र चुंबकाला सहसा लागत नाहीत. ते हातानेच वेचावे लागतात.